निनवेवरील न्यायवाणी आणि यरुशलेमचा श्रोता

(१)

इ. स. पू. ६१२ च्या उन्हाळ्यात अश्शूरी साम्राज्याची राजधानी निनवे बाबेली आणि मेदी सैन्यांच्या संयुक्त हल्ल्यापुढे पडली. बाबेली इतिवृत्ताच्या ज्या मृत्फलकावर ही घटना नोंदलेली आहे तो ब्रिटिश म्युझियममध्ये असून सी. जे. गॅड यांनी तो १९२३ साली प्रसिद्ध केला. नबोपोलस्सर राजाच्या कारकिर्दीचे चौदावे वर्ष, सिमानु ते अबु या महिन्यांतील वेढा, नगराचा पाडाव आणि लूट, एवढा मजकूर त्यात कोरड्या शब्दांत आलेला आहे. काय घडले हे इतिवृत्तकार सांगतो. ते का घडले हे सांगण्याचा त्याला अधिकार नाही आणि हौसही नाही.

याच घटनेभोवती हिब्रू भाषेत जे वाङ्मय निर्माण झाले त्यात मात्र ‘का’ हाच प्रश्न मुख्य आहे. नहूमाचा संपूर्ण ग्रंथ निनवेवरील न्यायवाणीचा आहे. सफन्याच्या दुसऱ्या अध्यायाचा शेवट निनवेवर होतो. त्यापूर्वी सुमारे शतकभर आधी यशयाने अश्शूरच्या राजाच्या उन्मत्त मनावर येणाऱ्या दंडाची घोषणा केली होती. बाबेल, सोर, अदोम, मवाब, मिसर इत्यादी राष्ट्रांवरही अशा वाण्या आहेत. यशया, यिर्मया आणि यहेज्केल या तिन्ही मोठ्या संग्रहांत त्यांचे स्वतंत्र विभागच आढळतात.

श्रद्धाळू वाचकांच्या परंपरेत या वाण्यांचे तात्पर्य बहुधा एका वाक्यात सांगितले जाते: गर्विष्ठ राष्ट्रांचा देव नाश करतो. हे तात्पर्य चुकीचे नाही, पण अपुरे आहे. आणि त्या अपुरेपणातून एक गंभीर दोष उद्भवतो. ज्याचा नाश होतो तो नेहमी दुसरा असतो, असे वाचकाला नकळत वाटू लागते. या वाण्यांची शब्दयोजना, त्यांची मांडणी आणि त्या ज्या काळात ऐकल्या गेल्या तो काळ यांचा एकत्र विचार केला असता याच्या उलट निष्कर्ष निघतो. व्याकरणदृष्ट्या निनवेला उद्देशून असलेली ही वाणी ऐकत होती यरुशलेम. आणि निनवेसाठी योजलेले शब्द एकामागून एक यरुशलेमकडेच परत आले.

(२)

प्रथम या वाणीमागील वेदना समजून घेतली पाहिजे. तिसरा तिग्लथ-पिलेसर (इ. स. पू. ७४५–७२७) याच्यापासून अश्शूरने जिंकलेल्या प्रदेशांतील लोकसंख्या मोठ्या प्रमाणावर हलविण्याचे धोरण नेटाने राबविले. इ. स. पू. ७२२ च्या सुमारास शोमरोन पडले आणि इस्राएलचे उत्तरेकडील राज्य नाहीसे झाले. इ. स. पू. ७०१ मध्ये सन्हेरीबाने यहूदावर स्वारी केली. निनवे येथे सापडलेल्या षट्कोनी मृत्स्तंभिकेवर त्याने या स्वारीचा हिशेब दिला आहे: ४६ तटबंदीची नगरे घेतली, २,००,१५० माणसे बाहेर काढली, आणि हिज्कीया राजाला त्याच्याच राजधानीत पिंजऱ्यातील पाखरासारखे कोंडले. खंडणीत सोने ३० किक्कार होते याविषयी ही स्तंभिका आणि ‘दुसरे राजे’ हा ग्रंथ यांचे एकमत आहे. चांदीचा आकडा मात्र हिब्रू ग्रंथात ३०० आणि अश्शूरी लेखात ८०० असा आहे.

लाखीश नगराच्या पाडावाची उठावशिल्पे सन्हेरीबाने आपल्या निनवे येथील राजवाड्याच्या एका दालनात कोरविली होती. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास लेयार्ड यांच्या उत्खननात ती उजेडात आली. तटाला भिडविलेला मातीचा चढ, त्यावरून वर ढकलली जाणारी वेढ्याची यंत्रे, सुळावर चढविलेले बंदी, आणि बैलगाड्यांवर चंबूगबाळे ठेवून निघालेली बायकामुले त्यांत दिसतात. हा प्रसंग अश्शूरच्या शत्रूने रंगविलेला नसून अश्शूरच्या राजाने स्वतःच्या भिंतीवर अभिमानाने मिरविलेला आहे, हे विसरता येत नाही.

नहूमाच्या ग्रंथातील संताप हा अशा लोकसमूहाचा संताप आहे. त्या छोट्या राज्याला सुमारे शंभर वर्षे खंडणी भरावी लागली होती. म्हणून नहूमाला निव्वळ सूडबुद्धीचा कवी ठरविणे अन्यायाचे होईल. परंतु याच कारणास्तव दुसरी गोष्टही मान्य करावी लागते. दुर्बळाच्या मुखातील हे शब्द बलवानाच्या मुखात गेले की त्यांचा अर्थ तोच राहत नाही. पायदळी तुडविलेल्याने न्यायाची हाक देणे ही एक गोष्ट. राज्य, सैन्य आणि भांडार हाती असलेल्याने तीच वाणी शेजाऱ्यावर उगारणे ही दुसरी. न्यायवाणी कोणाविरुद्ध आहे याइतकेच ती कोण उच्चारतो हे महत्त्वाचे असते.

(३)

नहूमाच्या ग्रंथाच्या शीर्षकातील पहिलाच शब्द ‘मस्सा’ असा आहे. ‘नासा’ म्हणजे उचलणे या धातूपासून तो बनला असून त्याला ‘ओझे’ आणि ‘उच्चारलेली वाणी’ असे दोन्ही अर्थ आहेत. यिर्मयाच्या तेविसाव्या अध्यायात या दुहेरी अर्थावर श्लेष साधला आहे. परमेश्वराची ‘मस्सा’ कोणती असे विचारणाऱ्या लोकांना, ते ओझे तुम्हीच आहात, अशा आशयाचे उत्तर मिळते. प्राचीन ग्रीक भाषांतराने राखलेल्या पाठात तर हा आशय अगदी उघड आहे. परराष्ट्रांवरील वाणीची संज्ञाच अशी श्रोत्यांच्या अंगावर परत येते.

गर्ववाचक शब्दांत ‘गाओन’ हा शब्द सर्वांत विचारार्ह आहे. ‘गाआ’ म्हणजे वर येणे, उंचावणे हा त्याचा धातू. समुद्र ओलांडल्यानंतरच्या विजयगीतात तो परमेश्वराच्या महिम्यासाठी आला आहे. यार्देन नदीकाठच्या माजलेल्या झाडीसाठी यिर्मयाने तो वापरला आहे. आणि बाबेलच्या खास्द्यांचा जो अभिमान धुळीस मिळणार त्यासाठी यशयाच्या संग्रहात तोच शब्द येतो. म्हणजे उंची स्वतः निंद्य नाही. ती कोणाची आणि कशाच्या बळावर, यावर तिचे मोल ठरते. संस्कृतात ‘उत्’ या एकाच उपसर्गापासून ‘उन्नत’ आणि ‘उद्धत’ हे दोन्ही शब्द घडले आहेत, हे मराठी वाचकाला येथे सहज आठवेल.

‘याकोबाचा गाओन’ हा शब्दप्रयोग या दृष्टीने ताडून पाहण्याजोगा आहे. आमोसाच्या सहाव्या अध्यायात परमेश्वर याकोबाच्या गाओनाचा तिटकारा व्यक्त करतो. येथे याकोब म्हणजे शोमरोनचे सुखवस्तू राज्य. नहूमाच्या दुसऱ्या अध्यायात मात्र याकोबाचा गाओन पुनःस्थापित होण्याची आशा आहे. येथे याकोब म्हणजे उद्ध्वस्त, लुटलेले लोक. दोन संदेष्ट्यांत विरोध आहे असे वरवर वाटते. वस्तुतः मधल्या काळात याकोबाची स्थिती पालटली होती. एक शब्द, एक लोकसमाज. पण तो समाज सत्तेच्या आसनावर असताना त्या शब्दाचा निषेध, आणि तो चिरडला गेला असताना त्याच शब्दाचे आश्वासन. राष्ट्राचे नाव न पाहता राष्ट्राची अवस्था पाहणारी ही भाषा आहे.

यशयाच्या भाषेवर अश्शूरी राजलेखांची छाया पडलेली आहे, हे पीटर मशिनिस्ट यांनी १९८३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सविस्तर दाखविले. अश्शूरी राजे आपल्या लेखांत ‘मेलम्मु’ या अक्कडी शब्दाने स्वतःच्या भोवतीच्या, शत्रूचा धीर खचविणाऱ्या तेजोवलयाचे वर्णन करीत. हिज्कीयाला आपल्या राजसत्तेच्या तेजानेच भयग्रस्त केले, असा सन्हेरीबाचा दावा आहे. यशयाच्या दुसऱ्या अध्यायात लोक ज्या तेजाला भिऊन खडकांच्या कपारींत शिरतात ते तेज मात्र परमेश्वराच्या ‘गाओना’चे आहे. राजाची परिभाषा घेऊन ती राजाच्या डोक्यावरून काढून घेण्याचा हा प्रकार दिसतो. दहाव्या अध्यायात अश्शूरचा राजा आपल्या हाताचे सामर्थ्य आणि आपले शहाणपण यांची बढाई मारू लागतो, तेव्हा त्याला कुऱ्हाडीची उपमा मिळते: लाकूडतोड्यासमोर कुऱ्हाडीने तोरा मिरवावा तसा हा तोरा आहे. अश्शूर हा परमेश्वराच्या क्रोधाचा सोटा आहे, हे यशया नाकारीत नाही. परंतु साधनाने स्वतःला कर्ता समजणे, येथेच तो गर्वाचा उगम मानतो.

मात्र यशयाच्या दुसऱ्या अध्यायातील ती उंचीविरोधी घोषणा मुळात कोणाविरुद्ध आहे, हे पाहिले पाहिजे. गंधसरू, उंच डोंगर, बुरूज, तार्शिशची जहाजे या सर्वांवर येणारा तो दिवस ‘याकोबाच्या घराण्या’च्या संदर्भात सांगितलेला आहे. परक्यांच्या गर्वाचा हिशेब घेण्यापूर्वी संदेष्ट्याने घरचा हिशेब मांडला होता.

(४)

शब्दांचे हे परत येणे सर्वांत ठळकपणे दिसते ते सफन्याच्या ग्रंथात. योशीया राजाच्या काळातील (इ. स. पू. ६४०–६०९) या संदेष्ट्याने दुसऱ्या अध्यायात पलिष्टी, मवाब, अम्मोन, कूश अशा क्रमाने चारी दिशांच्या राष्ट्रांवर वाणी उच्चारली असून शेवटी तो निनवेवर येतो. हे नगर ‘अल्लीझा’ म्हणजे उल्लसित, मौजेत दंग आहे, आणि मनातल्या मनात म्हणते की आपणच आहोत, आपल्यावाचून दुसरे कोणी नाही. हेच उद्गार यशयाच्या सत्तेचाळिसाव्या अध्यायात बाबेलच्या तोंडी आहेत. आणि त्याच्याच अलीकडे पंचेचाळीस व शेहेचाळीस या अध्यायांत याच धर्तीची भाषा परमेश्वर स्वतःविषयी बोलतो. राष्ट्राचा गर्व म्हणजे केवळ फुशारकी नव्हे. एकट्या देवाला शोभणारे प्रथमपुरुषी वाक्य राष्ट्राने स्वतःसाठी वापरणे, ही त्याची नेमकी व्याख्या येथे मिळते.

तिसऱ्या अध्यायाचा आरंभ बंडखोर, भ्रष्ट, जुलमी नगराला धिक्कारून होतो. नगराचे नाव दिलेले नाही. निनवेच्या विध्वंसाचे वर्णन नुकतेच ऐकलेला श्रोता हे निनवेविषयीच चालले आहे असे समजून मान डोलावणार. पुढच्याच वाक्यांत त्या नगराने आपल्या परमेश्वरावर भरवसा ठेवला नाही असे ऐकताच त्याच्या लक्षात येते, की हे यरुशलेम आहे. सरदार, न्यायाधीश, संदेष्टे, याजक असा एकेकाचा समाचार घेत वाणी पुढे जाते, आणि अकराव्या वचनात ‘अल्लीझा’ शब्दाचेच बहुवचन यरुशलेममधील उन्मत्त लोकांसाठी योजले जाते. त्यांना काढून टाकून मागे राहणार ते दीन आणि नम्र लोक.

या ठिकाणी ‘जुलमी’ या अर्थाचा मूळ शब्द ‘योना’ असा आहे. त्याच उच्चाराच्या दुसऱ्या शब्दाचा अर्थ कबूतर असा होतो, आणि प्राचीन ग्रीक भाषांतरकारांनी येथे खरोखरच कबूतर असा अर्थ घेतला. निनवेला पाठविलेल्या संदेष्ट्याचे नावही योनाच. हा ध्वनिसाम्याचा योगायोग असला तरी, निनवेनंतर उच्चारलेल्या या एका शब्दात जुलूम, कबूतर आणि तो पळपुटा संदेष्टा हे तिन्ही एकत्र यावेत, हे हिब्रू वाचकाच्या कानाला जाणवल्यावाचून राहिले नसेल.

असेच दुसरे उदाहरण ‘रक्ताचे नगर’ या पदाचे. नहूमाच्या तिसऱ्या अध्यायाच्या आरंभी ते निनवेला लावलेले आहे. नहूमाचा काळ इ. स. पू. ६६३ मधील थेबेसच्या पाडावानंतरचा आणि ६१२ पूर्वीचा किंवा त्या सुमाराचा. त्यानंतर लवकरच यहेज्केलाने बाविसाव्या आणि चोविसाव्या अध्यायांत हेच पद यरुशलेमला लावले. ‘अल्लीझा’ हे विशेषणही यशयाच्या बाविसाव्या अध्यायात यरुशलेमसाठी आले आहे. आणि तो अध्याय परराष्ट्रांवरील वाण्यांच्या विभागात, बाबेल, मवाब, दिमिष्क आणि मिसर यांच्या पंगतीत ठेवलेला आहे. ज्यांनी हा संग्रह रचला त्यांनी यरुशलेमला त्या यादीतून वगळले नाही.

शब्दांप्रमाणे वाङ्मयप्रकारही असाच वळतो. ‘कीना’ हे हिब्रू विलापगीत. तीन आणि दोन आघातांच्या लंगडत्या लयीवरून ते ओळखू येते. बाबेलच्या राजावरील यशयाच्या चौदाव्या अध्यायातील उपहासगीतात ही मर्तिकाची लय वापरलेली आहे. कबरेवाचून टाकलेल्या राजाचे त्यातील चित्र मुळात अश्शूरच्या दुसऱ्या सार्गोनाला उद्देशून असावे, असे काही अभ्यासकांचे मत आहे, तो इ. स. पू. ७०५ मध्ये रणांगणावर पडला आणि त्याचा देह मिळाला नाही. सोर नगरावरील यहेज्केलाचे गीतही ‘कीना’च आहे. परंतु याच यहेज्केलाच्या एकोणिसाव्या अध्यायात इस्राएलच्या राजपुत्रांवर ‘कीना’ आहे, आणि शेवटी विलापगीत नावाचा संपूर्ण ग्रंथ बहुतांशी त्या लयीत यरुशलेमसाठी रचला गेला. शत्रूच्या मरणाचा उपहास करण्यास उपयोगी पडलेला छंद घरच्या मरणाला कामास आला.

(५)

ही योजना नवी नव्हती. इ. स. पू. आठव्या शतकाच्या मध्यास तकोवा गावच्या आमोसाने तिचा पाया घातलेला दिसतो. त्याच्या ग्रंथाच्या पहिल्या दोन अध्यायांत एकाच ठरावीक सूत्राने दिमिष्क, गज्जा, सोर, अदोम, अम्मोन आणि मवाब या सहा राष्ट्रांवर न्याय सांगितला जातो. प्रत्येक नावासरशी ऐकणाऱ्यांचे समाधान वाढत गेले असणार, कारण हे सर्व शेजारी आणि बहुतेक वैरी. सातवे नाव यहूदाचे येते. आठवे नाव ऐकणाऱ्यांचे स्वतःचे, इस्राएलचे. आणि त्याच्यावरील आरोपपत्र सर्वांत लांब असते.

आरोपांचे स्वरूपही ध्यानात घेण्यासारखे आहे. मवाबाने अदोमाच्या राजाची हाडे जाळून त्यांचा चुना केला, यासाठी त्याला दंड आहे. या गुन्ह्यात इस्राएलचा काहीही संबंध नाही. एका परक्याने दुसऱ्या परक्याच्या प्रेताची विटंबना केली, एवढेच. म्हणजे देवाच्या लोकांना दुखावले म्हणून दंड, अशी ही न्यायव्यवस्था नाही. इस्राएलवरील आरोप तर युद्धाचेही नाहीत: एका जोड्याच्या किमतीसाठी गरिबाला विकणे, गहाण घेतलेल्या वस्त्रांवर वेदीपाशी पहुडणे. परराष्ट्रांच्या बाबतीत मनुष्यत्वाच्या सामान्य मर्यादांचे उल्लंघन आणि स्वराष्ट्राच्या बाबतीत घरातील दुर्बळांवरील अन्याय, असा मापदंड येथे लावलेला आहे.

नहूमाच्या ग्रंथातील एक युक्तिवादही पुढे याच रीतीने फिरला. निनवेला तो विचारतो, की पाण्याने वेढलेल्या थेबेसपेक्षा तू काय अधिक भक्कम आहेस? थेबेस हे नगर इ. स. पू. ६६३ मध्ये अशुरबानिपालाच्या सैन्यानेच लुटले होते. अश्शूरचा सर्वांत मोठा विजय हाच त्याच्या पतनशीलतेचा पुरावा म्हणून पुढे केला जातो. पुढे इ. स. पू. ६०९ च्या सुमारास यरुशलेमच्या मंदिराच्या दाराशी उभे राहून यिर्मयाने तीच तर्कपद्धती वापरली. मंदिर आहे तोवर भय नाही, असे म्हणणाऱ्यांना त्याने शिलोकडे बोट दाखविले: तेथेही परमेश्वराच्या नावाचे स्थान होते, आता तेथे काय उरले आहे ते पाहून या.

त्या वेळच्या यरुशलेमकरांच्या मनःस्थितीचा विचार केल्यास यिर्मयाच्या भाषणाचे धाडस ध्यानी येते. इ. स. पू. ७०१ मध्ये लाखीश पडले, पण यरुशलेम पडले नाही. नंतर ६१२ मध्ये खुद्द निनवे पडले. ज्या नगरीने शत्रूला पुरून उरण्याचा विक्रम केला आणि शत्रूचा नाशही पाहिला, ती अजिंक्य आहे असा समज दृढ होणे स्वाभाविक होते. नहूमाची वाणी खरी ठरली, हाच त्या समजाला सर्वांत मोठा आधार. त्यानंतर इ. स. पू. ५९७ मध्ये बाबेलने राजाला आणि प्रतिष्ठितांना बंदी करून नेले, आणि ५८७ च्या सुमारास नगर व मंदिर जाळले गेले. निनवेचे पतन आणि यरुशलेमचे पतन यांत अवघ्या पंचवीस वर्षांचे अंतर आहे. तरुणपणी निनवेच्या पतनाचा आनंद साजरा करणारी माणसे प्रौढपणी बाबेलच्या वाटेने बेड्यांत चालली असतील. वाणी खोटी नव्हती. तिचा श्रोता स्वतःला ओळखू शकला नाही.

(६)

श्रद्धाळू वाचकांत आढळणारी दुसरी प्रवृत्ती म्हणजे या वाण्यांना निव्वळ भाकिते समजून त्यांचा हिशेब जुळवीत बसणे. हा हिशेब या ग्रंथांना स्वतःलाच मान्य नाही. यहेज्केलाच्या सव्विसाव्या अध्यायात नबुखद्नेस्सर सोर नगराचा विध्वंस करील असे सांगितले आहे. प्रत्यक्षात तेरा वर्षांच्या वेढ्यानंतरही समुद्रातील ते नगर लुटले गेले नाही. एकोणतिसाव्या अध्यायातील, इ. स. पू. ५७१ च्या सुमाराची वाणी हे मोकळेपणाने मान्य करते: सैनिकांची डोकी टकली पडली, खांदे सोलून निघाले, पण सोरपासून मजुरी मिळाली नाही, म्हणून मिसर देश मिळेल. बेटावरील सोर पडले ते अलेक्झांडरने इ. स. पू. ३३२ मध्ये समुद्रात भराव घातल्यावर. संग्राहकांनी पहिली वाणी पुसली नाही आणि दुसरी दडविली नाही. हा प्रामाणिकपणा भाकीतवाद्यांना अडचणीचा वाटला तरी इतिहासाच्या अभ्यासकाला मोलाचा आहे.

यिर्मयाच्या अठराव्या अध्यायात कुंभाराच्या चाकापाशी यामागील तत्त्व सांगितलेले आहे. ज्या राष्ट्राचा नाश घोषित झाला ते वाईटापासून वळले तर नाश टळतो. ज्याची भरभराट घोषित झाली ते बिघडले तर भरभराट टळते. म्हणजे न्यायवाणीचे यश तिच्या टळण्यातही असू शकते. याचे ऐतिहासिक स्मरण सव्विसाव्या अध्यायात जपलेले आहे. यिर्मयाला मंदिराविरुद्ध बोलल्याबद्दल देहदंड द्यावा अशी मागणी झाली, तेव्हा काही वडीलधाऱ्यांनी मीखाची आठवण काढली. मीखाने शतकापूर्वी यरुशलेम नांगरले जाईल असे म्हटले होते. हिज्कीयाने त्याला मारले नाही, तर तो देवाला भ्यायला, आणि अरिष्ट टळले. वाणी ‘फुकट गेली’ असे कोणी म्हटले नाही.

योनाच्या ग्रंथाचा विषय नेमका हाच आहे. निनवे चाळीस दिवसांत उलथेल असे तो पुकारतो, निनवे पश्चात्ताप करते आणि उलथत नाही, संदेष्टा संतापतो. बारा लघुसंदेष्ट्यांच्या संग्रहात प्रश्नाने संपणारे ग्रंथ दोनच, नहूम आणि योना, आणि दोन्ही निनवेविषयीच आहेत. नहूमाचा प्रश्न निनवेला आहे: तिच्या अखंड क्रौर्यातून सुटला असा कोण आहे? योनाचा प्रश्न संदेष्ट्याला आहे: उजवे-डावे न कळणाऱ्या एक लाख वीस हजारांहून अधिक माणसांची आणि तेथील पुष्कळ गुराढोरांची दया येऊ नये काय? संग्रहाने या दोन प्रश्नांपैकी एकही गाळला नाही. पहिला प्रश्न गाळल्यास पीडितांच्या आक्रोशाला किंमत उरत नाही. दुसरा गाळल्यास न्यायाची इच्छा आणि सूडाची इच्छा यांतील सीमारेषा पुसली जाते. योनाचा ग्रंथ यहुदी परंपरेत योम किप्पूर या प्रायश्चित्ताच्या दिवशी दुपारच्या प्रार्थनेत वाचला जातो. कोकणात शतकानुशतके राहिलेल्या मराठीभाषक बेने इस्राएल समाजाच्या प्रार्थनामंदिरांतही तो त्या दिवशी वाचला जातो. दुसऱ्या राष्ट्राच्या पश्चात्तापाची कथा स्वतःच्या पश्चात्तापाच्या दिवशी वाचावयाची, ही योजना पुरेशी बोलकी आहे.

(७)

पुढील काळात हा धडा अर्धवट घेतला गेल्याचीही उदाहरणे आहेत. कुमरान येथील चौथ्या गुहेत १९५२ साली मिळालेल्या हस्तलिखितांत नहूमाच्या ग्रंथावरील भाष्य आहे. त्यात यावान देशाचा राजा देमेत्रियस याचा उल्लेख येतो. हिब्रू ‘यावान’ आणि संस्कृत ‘यवन’ हे दोन्ही शब्द आयोनियाच्या नावापासून आलेले आहेत. भाष्यकाराच्या काळी निनवे केवळ एक नाव उरले होते. तेव्हा त्याने ‘रक्ताचे नगर’ या पदाचा अर्थ स्वजातीयांवर घेतला. परंतु स्वतःच्या पंथावर नव्हे, तर प्रतिस्पर्धी यहुदी पक्षावर. वाणी आपल्या समाजाला लागू पडते हे त्याने ओळखले. ती आपल्यालाही लागू पडते, हे ओळखण्याचे तेवढे राहून गेले.

मराठी भाषांतराच्या दृष्टीनेही एक प्रश्न शिल्लक राहतो. ‘गाओन’ हा एकच शब्द परमेश्वराचा महिमा, याकोबाची प्रतिष्ठा आणि बाबेलचा गर्व या तिन्हींसाठी येतो. मराठीत यांसाठी वेगवेगळे शब्द आहेत आणि भाषांतरकाराला स्थलपरत्वे एकाची निवड करावीच लागते. हिब्रू आणि ग्रीक मुळांवरून सोप्या मराठीत संपूर्ण बायबल आणण्याचे पंडिता रमाबाईंचे कार्य त्यांच्या निधनानंतर १९२४ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. त्यांच्यासह प्रत्येक भाषांतरकारापुढे ही अडचण होती. निवड अपरिहार्य असली तरी तिची किंमत पडते. देवाचा तो ‘महिमा’ आणि शत्रूचा तो ‘गर्व’ असे शब्द वेगळे झाले की, एकाच उंचीची ही दोन रूपे आहेत आणि आपलीही उंची तिसऱ्या ठिकाणी याच शब्दाने मोजली गेली आहे, हे वाचकाला दिसेनासे होते.

निनवेचे पुढे काय झाले ते सर्वश्रुत आहे. इ. स. पू. ४०१ मध्ये झेनोफन आपल्या ग्रीक सैन्यासह त्या अवशेषांवरून गेला. त्याने तटाच्या प्रचंडपणाची नोंद केली, पण नगराचे नाव मेस्पिला असे दिले आणि ते पूर्वी मेदी लोकांचे होते असे लिहिले. साम्राज्य बुडाल्यावर सुमारे दोनशे वर्षांनी त्या जागी निनवे हे नाव सांगणारे त्याला कोणी भेटले नाही. आज मोसुलसमोरील दोन टेकड्यांपैकी एकीचे नाव नबी युनूस, म्हणजे योना, असे आहे. तेथे योनाच्या नावाने पूजिली जाणारी कबर होती. २०१४ सालच्या जुलैमध्ये ती दहशतवाद्यांनी सुरुंगाने उडविली. ज्या राजांनी स्वतःची नावे दगडांवर कोरली त्यांच्या नगरीत लोकांच्या जिभेवर टिकले ते, तिला वाचविण्यास नाखूश असलेल्या संदेष्ट्याचे नाव.

सारांश, गर्विष्ठ राष्ट्रांवरील न्यायवाणी ही श्रद्धावंतांना शत्रूच्या नाशाची हमी देण्यासाठी रचलेली नाही. जुलमाची दखल घेतली जाते, हे ती पीडितांना सांगते. साधनाने स्वतःला कर्ता समजू नये, हे ती बलवानांना सांगते. आणि ऐकणाऱ्यांना ती शेजाऱ्याच्या नावांची यादी ऐकवीत अखेर त्यांच्या स्वतःच्या नावापर्यंत आणते. यशयाच्या एकोणिसाव्या अध्यायाच्या शेवटी मिसर, अश्शूर आणि इस्राएल यांना एकत्र आशीर्वाद आहे, आणि तेथे अश्शूरला परमेश्वराच्या हातची कृती म्हटले आहे. लाखीशची शिल्पे ज्यांनी कोरली त्यांच्याविषयी, लाखीश ज्यांचे होते त्यांच्या ग्रंथात हे वाक्य राहिले आहे. निनवेवरील वाण्या वाचताना हे वाक्य दृष्टीआड होऊ देता कामा नये.